‘म्हणजे काय?’

“हंगामी स्थलांतर ही एक बहुआयामी सामाजिक-आर्थिक प्रक्रिया होय.”

हे वाक्य मी एका दमात वाचलं. पुढचं वाक्य सुरू करणार, तोच सरांनी विचारलं, “बहुआयामी म्हणजे काय?”

गेल्या वर्षीची, जानेवारी महिन्यातली ही गोष्ट. मी तेव्हा प्रथम वर्षाला होते. अर्थशास्त्राच्या अंतर्गत गुणांसाठी प्रत्येकाने वर्गापुढे उभं राहून दहा मिनिटं आपला निबंध मांडायचा होता. माझ्या वाट्याला ‘महाराष्ट्रातील हंगामी स्थलांतर’ हा विषय आला होता. तीन पानं गाईडमधून आणि दीड पान मोबाईलवरून असा माझा निबंध तयार झाला होता. अक्षर सुंदर, समास आखलेला, शीर्षकाखाली दोन रेघा! निबंध म्हणजे हेच, अशी माझी समजूत होती.

सरांच्या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही. मी वहीत पाहिलं, पण वहीत उत्तर असणार कसं? सर म्हणाले, “बरं, असू द्या. पुढे वाचा.” मी पुढे वाचू लागले आणि ‘कोरडवाहू शेतीला पाणी नाही’ या वाक्यातलं ‘पाणी’ माझ्या तोंडून ‘पानी’ असं बाहेर पडलं. मागच्या बाकावर कुणीतरी हळूच ‘पानी, पानी’ असं म्हटलं आणि सगळा वर्ग हसला. उरलेली दोन पानं मी कशी वाचली ते मला आठवत नाही. खाली बसले तेव्हा हातातली वही घामानं ओली झाली होती.

आता खरी गोष्ट सांगते. त्या वर्गात हंगामी स्थलांतर कुणाला ठाऊक असेल, तर ते मला होतं. मी वर्गात तो निबंध वाचत होते, त्याच वेळी माझे आई-वडील आमच्या बीड जिल्ह्यातल्या गावापासून कितीतरी लांब, सांगलीकडच्या एका फडात ऊस तोडत होते. तिसरीपर्यंत मीही त्यांच्याबरोबर जात असे. दिवाळी झाली की माझं दप्तर फळीवर जायचं आणि मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढायची. कोपीतल्या थंडीत अंगावर घेतलेल्या गोधडीला येणारा चिपाडाचा वास मला अजून आठवतो. चौथीपासून आजीनं मला गावी ठेवून घेतलं, म्हणून माझी शाळा वर्षभर भरू लागली. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली.

हे सगळं ठाऊक असताना मी गाईडमधलं का वाचलं? मला वाटे, कॉलेजात सांगायचं ते पुस्तकातलं, घरचं ते घरी. शिवाय लाजही होती. वर्गातल्या कुणालाच मी आई-वडिलांचं काम सांगितलं नव्हतं.

त्या दिवसानंतर मी मनाशी ठरवून टाकलं, की पेपरात लिहीन, पण वर्गात तोंड उघडणार नाही. काही दिवसांनी तर कॉलेजला जाऊच नये असं वाटू लागलं. शिक्षण सुटलं तर पुढे काय, हे आमच्याकडच्या मुलीला सांगावं लागत नाही. माझी चुलत बहीण माझ्याहून एकाच वर्षानं मोठी. लग्न झालं आणि त्याच हंगामात ती नवऱ्याबरोबर फडावर गेली. आज त्या दोघांचा मिळून एक कोयता आहे. ती माझ्याहून हुशार होती. पाढे तिचेच पाठ असत.

मला ग्रंथालयाची वाट दाखवली ती माझ्या वसतिगृहातल्या मैत्रिणीनं. शनिवारी तास संपले की आमच्या मराठीच्या बाई वर्तमानपत्रांच्या स्टँडजवळच्या लांब टेबलापाशी बसतात. त्यांच्याबरोबर एम.ए.च्या वर्गातली एक ताई असते. ती स्वतःचा लघुप्रबंध लिहिते आहे आणि आम्हांला मदतही करते. निबंध लिहायचा, अर्ज लिहायचा, सभेत बोलायचं, ज्याला जे अडेल ते त्यानं तिथं घेऊन यावं. टेबलाचा नियम एकच, इथं कुणी कुणाला लिहून देणार नाही.

मी तोच निबंध घेऊन गेले. बाईंनी तो हातात घेतला, पहिलं पान वाचलं आणि वही उलटी करून टेबलावर ठेवली. म्हणाल्या, “आता न बघता सांग. तुझ्या आजीला सांगतेस असं समज.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “आजीला काय सांगायचं? तिला ठाऊकच आहे!”

“कसं काय ठाऊक?” ताईनं विचारलं.

आणि मग मी सांगितलं. पाऊण तास मी बोलत होते. मध्ये मध्ये ताई एवढंच विचारी, “म्हणजे काय?” कोयता म्हणजे काय? तर कोयता हे हत्यार, पण आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीलाही कोयताच म्हणतात. मुकादमाच्या हिशेबात दोन माणसांचा एक कोयता. उचल म्हणजे काय? तर हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. ती ऊस तोडून फेडायची. हंगाम संपला तरी फिटली नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जायचं. डोकी सेंटर म्हणजे काय? तर जिथं मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रकमध्ये किंवा ट्रॉलीत भरायच्या, ते. बैलगाडीनं ऊस कारखान्यावर न्यायचा, ते गाडी सेंटर.

सरांनी विचारलेला प्रश्न आणि ताईनं विचारलेला प्रश्न, शब्द अगदी तेच होते. पण वर्गात मला एकाही ‘म्हणजे काय’चं उत्तर आलं नव्हतं आणि इथं प्रत्येकाचं येत होतं! मी विचार केला तेव्हा कारण कळलं. वर्गात शब्द दुसऱ्याचे होते. इथं ते माझे होते.

बाई म्हणाल्या, “हेच लिहून आण.”

पण सांगितलेलं कागदावर उतरवणं इतकं सोपं नसतं, हे पुढच्या शनिवारी समजलं. माझ्या सहा पानांवर ताईची पेन्सिल जिथं तिथं फिरली होती. ‘असे म्हटले जाते’ याच्याखाली रेघ आणि पुढे प्रश्न, ‘कोण म्हणतं?’ ‘मजुरीत मोठी वाढ झाली’ याच्यापुढे, ‘मोठी म्हणजे किती? कधी?’ मग मी ग्रंथालयातली जुनी वर्तमानपत्रं काढून बसले आणि २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरल्याचं शोधून लिहिलं. एका आकड्यासाठी माझी अख्खी दुपार गेली. पण तो आकडा मी कधीच विसरणार नाही. गाईडमधला एकही मला आज आठवत नाही.

एके ठिकाणी मी लिहिलं होतं, ‘सर्व ऊसतोड मजूर असेच राहतात.’ त्यावर बाईंनी स्वतः लिहिलं, ‘तुझी टोळी म्हणजे महाराष्ट्र नव्हे.’ मला त्याचा राग आला. जे डोळ्यांनी पाहिलं ते खोटं कसं? बाईंनी समजावलं, “खोटं कोण म्हणतंय? ‘मी पाहिलं’ असं लिही. जे तू पाहिलंस ते एका बाजूला, जे वाचलंस ते दुसऱ्या बाजूला. दोन्हींची सरमिसळ नको.” एका परिच्छेदात एकच मुद्दा ठेवायचा आणि दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर त्याचं नाव सांगायचं, हेही त्याच टेबलावर शिकले. बारावीपर्यंत मी इतके निबंध लिहिले, पण हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. की सांगितलं होतं आणि माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं?

बोलण्याचा सराव ताई घेई. ती दूर शेवटच्या कपाटापाशी जाऊन उभी राही आणि ग्रंथपाल सर जागेवर नाहीत असं पाहून म्हणे, “इथपर्यंत ऐकू आलं पाहिजे!” वही हातात घ्यायची नाही. एका छोट्या कागदावर फक्त चार मुद्दे लिहायचे. ‘न’ आणि ‘ण’ यांचं मात्र मला भय होतं. बाईंना मी तसं बोलून दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “सभेत लागतो म्हणून ‘ण’ शीक. चार महिन्यांत येईल. पण त्यासाठी घरचं ‘पानी’ टाकून द्यायचं काही कारण नाही. आईशी बोलताना ‘पाणी’ म्हणालीस तर तीच विचारील, बरं नाही का म्हणून!”

दरम्यान अर्थशास्त्राच्या सरांनी मला एकदा बोलावून घेतलं. मी टेबलाशी जाते हे त्यांना कळलं असावं. त्यांनी मला डॉ. आंबेडकरांची गोष्ट सांगितली. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. तेव्हा त्यांचं वय होतं पंचवीस. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. सेमिनार हा शब्द मी गुणांच्या तक्त्यातच पाहिला होता. जातीचे चटके स्वतः सोसलेला एक विद्यार्थी परदेशातल्या प्राध्यापकांपुढे उभा राहतो आणि जात कशी निर्माण झाली हे शास्त्राच्या भाषेत मांडतो, हे ऐकून मला माझ्या झाकून ठेवलेल्या घराची आठवण झाली.

सर एवढ्यावर थांबले नाहीत. रुपयाच्या प्रश्नावरचा बाबासाहेबांचा लंडनमधला प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला होता. तो पुन्हा लिहून दिल्यावर १९२३ साली त्यांना डी.एस्सी. मिळाली. त्याच वर्षी तो ग्रंथ म्हणून निघाला. सरांनी त्याची प्रस्तावना उघडून दाखवली. त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांनी आपलं विवेचन कठोरपणे तपासलं, म्हणून आपण अनेक चुकांपासून वाचलो, असं तिथं बाबासाहेबांनी कृतज्ञतेनं नोंदवलं आहे. आणि गंमत अशी, की त्याच ग्रंथाच्या सुरुवातीला कॅननसाहेबांनी आपले मतभेदही स्पष्ट सांगितले आहेत! मत पटलं नाही तरी लेखन तपासायचं आणि तपासणाऱ्याचे आभार मानायचे. मी ताईच्या पेन्सिलीवर रागावले होते, त्याची मला तिथं बसल्या बसल्या लाज वाटली.

या वर्षी डिसेंबरात माझा दुसरा सेमिनार होता. विषय मी मागून घेतला, ‘ऊसतोड कामगारांची उचल’. आदल्या रात्री मी वसतिगृहाच्या गच्चीवरून आईला फोन लावला. ती नुकती फडावरून कोपीत आली होती. मी तिला सगळा निबंध वाचून दाखवला. ती ‘हं, हं’ म्हणत होती. ‘पुरुष ऊस तोडतात आणि स्त्रिया मोळ्या बांधतात’ या वाक्याला तिनं मला थांबवलं.

“मी काय नुस्त्या मोळ्याच बांधते का? कोयता माझ्या बी हातात हाये की! आन् वाढं इकून तेल-मीठ कोन आनतंय, ते न्हाई लिव्हलं?”

मी गप्पच झाले. बाईंच्या, ताईच्या, माझ्या स्वतःच्या नजरेतून जे सुटलं होतं, ते आईनं एका वाक्यात धरलं होतं. आणि ते वाक्य मी कुठून आणलं होतं? मी तर आईला डोळ्यांनी ऊस तोडताना पाहिलं आहे! गाईड माझ्या वहीतून गेलं होतं, डोक्यातून गेलं नव्हतं. मी गच्चीवरच्या दिव्याखाली बसून तो परिच्छेद पुन्हा लिहिला. उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, म्हणजे वाढं, जनावरांच्या वैरणीसाठी विकून बायका रोजच्या खर्चाचे पैसे उभे करतात, हे त्यात घातलं.

फोन ठेवण्याआधी मी आईला सहज ‘बहुआयामी’ शब्द सांगितला. तिनं विचारलं, “म्हंजी काय?” मी म्हटलं, एका गोष्टीला लई बाजू असत्यात, तसं. ती म्हणाली, “मंग तसंच म्हनावं की!”

दुसऱ्या दिवशी मी बोलले. पहिलंच वाक्य होतं, “माझे आई-वडील ऊसतोड कामगार आहेत.” पाय थरथरत होते, पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला असावा, कारण मागे कुणी बोलत नव्हतं. ‘पाणी’ दोनदा नीट आलं, तिसऱ्यांदा ‘पानी’ आलं. कुणी हसलं की नाही, ते मी पाहिलं नाही. शेवटी सरांनी विचारलं, “उचल मिळाली नसती, तर हे लोक गेले असते का?” मला उत्तर ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, “सर, मला सांगता येत नाही. ते शोधावं लागेल.” सर म्हणाले, “शोधा.” तास संपल्यावर वर्गातला एक मुलगा माझ्याजवळ आला. दोन वर्षांत तो माझ्याशी एक शब्दही बोलला नव्हता. इकडंतिकडं बघत म्हणाला, “आमची बी टोळी जाती.”

विद्यार्थी मित्रांनो, मी काही वक्ता झालेली नाही. हा लेखसुद्धा तीनदा लिहिला आणि तिन्ही वेळा ताईची पेन्सिल फिरली. पण माझी एक विनंती आहे. त्या टेबलाशी आम्ही पाच-सहाजणीच असतो. तिथं जाणं म्हणजे आपण ‘कच्चे’ असल्याची कबुली, असं अनेकांना वाटतं. मलाही वाटे. तिथं बसून मदत करणारी ताई एम.ए. करते आहे आणि तिचा लघुप्रबंध बाई असाच तपासतात. पुढे कुणी पीएच.डी.ला गेलं तरी हे संपत नाही. मग द्वितीय वर्षातच लाज कशाला?

आणि गुरुजनांना विनंती अशी, की ‘म्हणजे काय?’ हा प्रश्न आम्हांला जरूर विचारा. पण विचारल्यावर जरा थांबा. आमच्यापैकी कित्येकांना उत्तर येत असतं. ते ‘पानी’ म्हणून सांगावं की ‘पाणी’ म्हणून, याच विचारात वेळ जातो.

— द्वितीय वर्ष, कला