साडेतीनातला अर्धा

बुद्धिबळात घोडा अडीच घरं जातो, इथपर्यंत माझी मजल. त्यापुढे घोडा जाणे आणि त्याचं नशीब! पण २२ सप्टेंबर २०२४ ला बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये आपल्या महिलांनी शेवटच्या फेरीत अझरबैजानला साडेतीन-अर्धा असं लोळवून पहिलंवहिलं सांघिक सुवर्ण आणलं, तेव्हा मीही जाणकारासारखी मान डोलावली. हरिका, दिव्या, वंतिका तिघी जिंकल्या. त्यातून दिव्या देशमुख पडली नागपूरची. त्यामुळे एरवी नागपूरची फक्त संत्री ओळखणारे आमचे पुणेकरही दिवसभर तिच्यावर हक्क सांगत होते.

"आणि तो अर्धा कुणाचा हो?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"वैशालीचा. डाव बरोबरीत सुटला," शेजारचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले. पण सूर असा, की कुणाचा तरी मुलगा एटीकेटी घेऊन वर गेलाय!

मला हे खटकलं. अहो, चार पटांच्या सामन्यात अडीच गुण झाले की सामना खिशात. दोघी जिंकल्या आणि तिसरीनं नुसती बरोबरी धरून ठेवली, तर चौथी हरली तरी बिघडत नाही. शेजारच्या पटावर मैत्रीण जिंकत असताना आपण उगाच तलवार उपसायला जावं आणि डाव घालवून बसावं, यात कसलं शौर्य? खुमखुमी आवरून तासन्‌तास बसायचं, आणि शेवटी टाळ्या तिघींना!

बरं, त्याच डावातला उरलेला अर्धा गुण उल्विया फतालियेवाचा. अझरबैजानच्या अख्ख्या संघाची त्या दिवसाची ती एकुलती एक कमाई! म्हणजे एकाच बरोबरीनं इकडे तीनाचे साडेतीन केले आणि तिकडे भोपळा टाळला.

मराठी माणसानं तरी अर्ध्याला नाक मुरडू नये. पेशवाईच्या काळातले साडेतीन शहाणे आठवा. नाना फडणवीस त्यातले अर्धे. का, तर म्हणे तलवार त्यांच्या हातची नव्हे. मी परवा कचेरीत विचारून पाहिलं. अर्धा शहाणा सगळ्यांनी एका दमात सांगितला. पूर्ण शहाण्यांपैकी सखारामबापूंपर्यंत हेडक्लार्क कसेबसे पोचले. उरलेली दोन नावं शेवटी मीच सांगितली : देवाजीपंत आणि विठ्ठल सुंदर.

नवा कारकून म्हणाला, "हे कुठल्या सेक्शनला असतात, साहेब?"