टेबलावरचा डाग

गोराईच्या घरात आलो तेव्हा जागा अपुरी म्हणून अब्बांचे शिसवी टेबल मीच भंगारवाल्याला दिले. अब्बा काही बोलले नाहीत. त्याच टेबलावर त्यांनी आम्हाला अलिफ-बे गिरवायला शिकवले. चहाच्या कपाचा एक गोल डाग त्यावर कायमचा उमटला होता.

अब्बा गेले आणि मला जुन्या वस्तूंचा नाद लागला. रविवारी चोर बाजारातील मटन स्ट्रीट पालथी घालतो. चिनी मातीच्या बशा आल्या, इराणी हॉटेलातली गोल पाठीची खुर्ची आली. बायको म्हणते, "आता माणसं कुठं बसवायची?" अमूर्त चित्रांच्या मात्र छापील प्रतीच परवडतात. भिंतीवर सय्यद हैदर रझांचा बिंदू आहे. लहानपणी रझांचे चित्त थाऱ्यावर नसे, म्हणून गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे पाहत बसवले. 1980च्या सुमारास तोच ठिपका त्यांच्या चित्रांत अवतरला. आमच्या उर्दू शाळेतल्या चुळबुळ्या पोरांवर रागावताना मला हे आठवते.

परवा एक टेबल दिसले. वर तसाच डाग. दुकानदार म्हणाला, "मास्टरसाब, पॉलिश मारून घालवतो." म्हटले, "राहू द्या."

ते अब्बांचे नाही, हे ठाऊक आहे. तरी सकाळचा कप मी त्या डागावरच ठेवतो.