कार्बन कामून झिजला?

मेलबर्नमध्ये माझ्याकडे १९९१ सालची माझदा एमएक्स-५ आहे. दोन जणांची, उघड्या टपाची गाडी. बटण दाबलं की नाकात मिटलेले दोन्ही दिवे झाकणासकट वर येतात. तीस वर्षं उलटल्यावर उजव्या दिव्यानं उठायचं सोडलं. डावा उठायचा, उजवा जागेवरच.

प्रत्येक दिवा उचलायला वेगळी मोटार, पण दोन्ही मोटारींचा फ्यूज एकच, त्यामुळे तो शाबूत होता हे उघड होतं. टेस्ट लॅम्प लावला तर प्लगपर्यंत करंट येत होता. मोटारीच्या डोक्यावर एक गुंडी असते; ती हातानं फिरवली की दिवा वर यायचा, म्हणजे सांधे जाम नव्हते. पान्यानं हलकं ठोकलं की मोटार क्षणभर कुरकुरायची आणि गप्प व्हायची. दुखणं तिच्या पोटातच होतं.

भंगारातल्या गाडीची मोटार विकत मिळत होती, पण तीही तेवढीच जुनी. डिसेंबरात सोनपेठला घरी यायचं ठरलेलंच होतं, म्हणून माझीच मोटार तिथं दाखवायचं ठरवलं. फ्यूज उपसून ठेवला, कारण हात आत असताना दिवा हलला तर बोटं चेमटतात. मग बोल्ट आणि दिव्याला उचलणाऱ्या दांड्याचा नट काढून मोटार सोडवली आणि कपड्यांत गुंडाळून बॅगेत टाकली.

सोनपेठला तेव्हा ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात होता. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या, रानात रात्रीच्या लाइनवर चालणारे पंप. या दिवसांत जळालेल्या मोटारी वाइंडिंगच्या दुकानांत रांगेनं येऊन पडतात. आमच्या ओळखीच्या चाचांचं असंच दुकान आहे. माझे वडील विहिरीवरची मोटार त्यांच्याकडेच भरून घ्यायचे. दारात पाऊल टाकलं की वॉर्निशचा वास येतो, तो लहानपणापासून तोच.

मी पोचलो तेव्हा एक शेतकरी जळालेली मोटार घेऊन उभा होता. चाचांनी करपलेल्या गुंडाळ्यांकडे नजर टाकली आणि विचारलं, “एक फेज गेलता का रात्री?” तीनपैकी एक फेज गेला तरी चालती मोटार लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन फेजांवर ती ओढत राहते, त्यांतला करंट वाढतो, वाइंडिंग करपतं. “भरून देतो,” चाचा म्हणाले, “पण फेज गेला की मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर बसव. न्हाईतर महिन्यानं पुन्हा हितंच येशील.”

माझी मोटार हातात घेऊन त्यांनी उलटीसुलटी पाहिली. “कशाची हाय ही?”

मी सांगितलं. दिवा लपवायचाच कशाला, असं त्यांनी विचारलं. तेव्हा अमेरिकेतल्या नियमांची गोष्ट सांगितली. दिवा जमिनीपासून अमुक उंचीवर हवा आणि ठरावीक मापाचाच हवा, असा तिथला कायदा होता. गाडीचं नाक तर बसकं हवं. मग दिवसा मिटायचं आणि रात्री उठायचं, अशी तोड निघाली. १९३६ च्या कॉर्ड ८१० गाडीत चालक हँडल फिरवून दिवे वर काढायचा. पुढे ते काम मोटारीवर आलं. २००४ मध्ये कॉर्व्हेट आणि लोटस एस्प्रिट या गाड्यांबरोबर उठणारे दिवे कारखान्यांतून गेले. “पण चाचा, आतला दिवा सात इंची गोल. बुलेटच्या मापाचा.” हे ऐकून ते खुलले.

झाकण उघडलं. गिअरवरचं ग्रीस वाळून खडखडीत झालं होतं, कडेला गंज. आर्मेचर बाहेर काढलं तर त्याला करंट पोचवणारे दोन्ही कार्बन झिजून कम्युटेटरला जेमतेम टेकत होते. चाचांनी सिरीज लॅम्प लावून आर्मेचर तपासलं. वाइंडिंग ठीक होतं. मग त्यांनी झाकणाखालच्या चकतीवरचे तांब्याचे पट्टे बोटानं चाचपले. कुठे तुटतात, कुठे जुळतात ते बघितलं. समोर नकाशा नाही, पुस्तक नाही. “ही उलटी फिरत न्हाई,” ते म्हणाले. “सायकलच्या पायडलासारखी एकाच अंगानं फिरती. अर्ध्या फेऱ्यात दिवा वर, उरलेल्या अर्ध्यात खाली.” हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्यांनी ते पट्ट्यांवरून ताडलं.

जीपच्या वायपर मोटारीचे कार्बन त्यांनी कानशीनं घासून बेताचे केले, जाळीदार तारेला डाग दिला. करवतीच्या पात्यानं कम्युटेटरच्या फटी साफ केल्या. मी गिअर रॉकेलनं धुऊन नवं ग्रीस भरलं. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर एका तारेला करंट दिला, मोटार अर्धा फेरा घेऊन थांबली. दुसऱ्या तारेला दिला, उरलेला अर्धा फेरा पुरा झाला.

मला आनंद झाला होता, पण चाचांचं समाधान झालं नव्हतं. “कार्बन कामून झिजला ते बघ. ग्रीस वाळलं, मोटार जड झाली, म्हणून झिजला. गंज हाय, म्हंजे पाणी आत गेलंय. कुठून गेलं?”

मेलबर्नला परतल्यावर उत्तर सापडलं. गुंडीवरची रबरी टोपी चिरली होती आणि पाणी तिथूनच आत झिरपत होतं. मोटार बसवली, नवी टोपी घातली, दांड्याच्या सांध्यांना ग्रीस दिलं, मगच फ्यूज परत लावला. दोन्ही दिवे एकदम उठले.

नुसती बदली मोटार आणून बसवली असती, तर तीही त्याच चिरेतून पाणी पीत बसली असती. नादुरुस्त वस्तू चालू करणं हे निम्मं काम. ती का बिघडली ते शोधून बंदोबस्त करणं हे उरलेलं निम्मं. डाव्या दिव्याची मोटार अजून धड चालत होती. तरीही तिची टोपी काढून पाहिली. ती कडेनं तडकायला लागली होती, तीही बदलली.