लगाम

माणूस घसरला की आपण आधी त्याचे संस्कार काढतो. आमच्या काकांनी उभ्या जन्मात पत्त्यांना हात लावला नव्हता. कंपवातासाठी ‘प्रामिपेक्सोल’ सुरू झाले आणि पासष्टीला ते बेळगावहून पणजीच्या कॅसिनोच्या वाऱ्या करू लागले. घरात अबोला आला. अखेर डॉक्टरांनी उलगडा केला. मेंदूत डोपामिनचे संदेश झेलणारे रिसेप्टर असतात. त्यांपैकी विशेषतः डी-३ हे औषध सतत चेतवते, आणि काहींचा मोहावरचा लगाम सुटतो. २००७ साली केंब्रिजच्या संशोधकांना उतावळ्या उंदरांत डी-२ व डी-३ रिसेप्टर मुळातच कमी आढळले होते. डॉक्टरांनी औषध हळूहळू बदलले, काका सावरले. संयम ही मनाची कमाई खरी, पण तिचे भांडवल मेंदूत असते. नावे ठेवण्याआधी औषधाची चिठ्ठी पाहावी.