प्रधान कोण, गौण कोण

जालना

चि. सौ. भाचीस,


तुझं पत्र पोहोचलं. तुझ्या इंग्रजीच्या वर्गातली दहावीची मुलं ‘सिंपल’चं ‘कॉम्प्लेक्स’ आणि ‘कॉम्प्लेक्स’चं ‘कंपाउंड’ बिनचूक करतात, पण पाच ओळींचा परिच्छेद लिहायला सांगितला की पेन जागच्या जागी थांबतं, असं तू लिहितेस. मग हे व्याकरण शिकवायचं तरी कशाला, असा तुझा प्रश्न. मला वाटतं, शिकवायलाच हवं, पण आज ज्या टोकाने शिकवतात त्याच्या उलट टोकाने. आज आधी नाव येतं, मग खुणेचा शब्द, मग रूपांतराची युक्ती. वाक्य तसं का रचायचं हे कुणी सांगतच नाही. दोन गोष्टी सांगायच्या असतात तेव्हा त्यांतली कोणती मुख्य आणि कोणती तिच्या आधाराने उभी, हा निवाडा लिहिणाऱ्याला करावा लागतो आणि तो निवाडा वाक्याच्या रचनेत उतरतो. परतूर तालुक्यातलं तुझ्या वर्गातलं मूल मराठीत हा निवाडा रोज करतं. इंग्रजी तो कोणत्या खुणांनी दाखवते, तेवढंच त्याला शिकायचं आहे.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घे. 2012-13च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. कडवंची गावात मात्र पाणलोटाची कामं आधीच झालेली होती, शेततळी होती, आणि तिथल्या द्राक्षबागा तगल्या. आता दोनच विधानं घेऊ: ‘पाऊस कमी झाला’ आणि ‘कडवंचीच्या बागा टिकल्या’. मधे ‘आणि’ घातलं की संयुक्त वाक्य झालं. दोन घटना शेजारी ठेवल्या, संबंध वाचकाने लावायचा. ‘पाऊस कमी झाला तरी कडवंचीच्या बागा टिकल्या’ म्हटलं की मिश्र वाक्य झालं: बागा प्रधान झाल्या, पाऊस गौण झाला, आणि पुढचं वाक्य शेततळ्यांबद्दल येणार हे वाचकाला आधीच कळलं. उलट ‘कडवंचीच्या बागा टिकल्या तरी पाऊस कमीच झाला होता’ असं लिहिलं, तर पुढे टँकरची, चारा छावणीची, पीक विम्याची गोष्ट निघणार. दोन्ही वाक्यांत माहिती तीच आहे आणि एक अक्षरही खोटं नाही. तरी पहिलं वाक्य गावाच्या कामाची बाजू घेतं आणि दुसरं दुष्काळी मदतीची. मग आपण मुलांना ‘अर्थ न बदलता’ रूपांतर करायला सांगतो, तेव्हा नेमकं काय शिकवतो? साऱ्या रचना एकमेकींच्या बदली चालतात, हेच ना? ‘टू’ काढून ‘सो... दॅट’ घालण्यात फारसं बिघडत नाही. पण मिश्र वाक्याचं संयुक्त केलं की निवाडा पुसला जातो. ज्या मुलाला निवाडा पुसण्याचाच सराव दिला, ते परिच्छेद कुठून लिहील? एका वाक्याने पुढच्या वाक्याला वाट करून दिली, तरच परिच्छेद पुढे सरकतो.

मुलांना हा संबंध कळतो याचा सर्वांत भक्कम पुरावा त्यांच्या चुकांत आहे. ‘ऑल्दो’ने सुरू झालेल्या वाक्यात मधेच ‘बट’ येतं. ‘बिकॉज’ घातल्यावर पुढे ‘सो’ येतं. ‘द फार्मर हू हॅज अ वेल’ लिहून झालं की पाठोपाठ ‘ही’ येतो. आपण प्रत्येकाखाली लाल रेघ मारतो. पण या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत. त्यांत नियम आहे आणि तो मराठीचा आहे. मराठी पुष्कळदा दोन्ही वाक्यांवर खूण ठेवते: जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जो-तो. इंग्रजीचं काम बहुधा एका खुणेवर भागतं. गौण वाक्यावर ‘ऑल्दो’ची खूण झाली की प्रधान वाक्य मोकळं राहतं. म्हणजे ‘ऑल्दो’ आणि ‘बट’ दोन्ही लिहिणाऱ्या मुलाला प्रधान-गौण संबंध पुरता कळलेला आहे, फक्त खूण एकदा जास्त पडली. हे त्याला एवढ्याच शब्दांत सांगितलं तर पुरे. तसंच ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग’ या वाक्याचं. ‘त्याने विचारलं की तू कुठे चाललास’ म्हणताना मराठी प्रश्न जसाच्या तसा ठेवते. इंग्रजीत तो प्रश्न गौण वाक्य झाला की त्याचं प्रश्नपण उतरतं. ‘व्हेअर’च जोडण्याचं काम करतो आणि शब्दक्रम साध्या विधानासारखा होतो. वाक्याचा हेतू आणि वाक्याची रचना हे पुस्तकात दोन वेगळे धडे असतात, पण या एका वाक्यात ते एकमेकांत गुंतलेले दिसतात. पाठ घ्यायचा तर इथून घ्यावा.

‘ऊन’ या प्रत्ययाची गोष्ट याहून नाजूक आहे. ‘पहाटे उठून, विहिरीवर जाऊन, मोटार चालू करून बाबा बागेत गेले’ हे मराठी व्याकरणाप्रमाणे केवल वाक्य आहे, कारण पूर्ण क्रियापद एकच, बाकी सारी धातुसाधितं. मूल ते इंग्रजीत नेताना ‘अँड’, ‘अँड’ करत जातं, आणि सगळ्या क्रिया सारख्याच वजनाच्या होतात. इथे निवड करायला शिकवावं लागतं: कोणती क्रिया ‘आफ्टर’मागे जाईल, कोणती नुसत्या ‘इंग’ रूपात राहील, आणि कोणती खरी बातमी आहे.

कुणी म्हणेल, केवल, संयुक्त, मिश्र ही विभागणीच मुळात इंग्रजी वळणाची. तिच्यावरून मराठीची साक्ष कशी काढायची? आक्षेप खोटा नाही. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण 1836 साली निघालं, त्याच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता, आणि 1911च्या दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत हा धागा चालत आलेला आहे. पण उसनी आहेत ती नावं. जो-तो आणि जरी-तरी दादोबांच्या कितीतरी आधीपासून मराठीत आहेत. याच जुन्या मराठीने आणखी एक गैरसमज दूर होतो. केवल वाक्य कच्च्या मुलांचं आणि मिश्र वाक्य हुशारांचं, ही समजूत शाळाशाळांतून दिसते. तेराव्या शतकातलं म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’ छोट्या छोट्या वाक्यांचं गद्य आहे, आणि त्याला कुणी पोरकट म्हणणार नाही. 1874 साली सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त चिपळूणकरांची वाक्यं लांबलचक, पोटवाक्यांनी भरलेली आहेत, कारण त्यांना वाद घालायचा होता. घडलेलं सांगायला एक रचना सोयीची पडली, युक्तिवादाला दुसरी.

मराठीच्या आधाराने शिकवलं तर मुलं कायम भाषांतरच करत राहतील, ही भीती तुझ्या मुख्याध्यापकांना वाटते, आणि ती अगदीच वावगी नाही. ‘तर्खडकर भाषांतर पाठमाला’ वापरून पिढ्या इंग्रजी शिकल्या. तिची ताकद तुलनेत होती, आणि मर्यादा अशी की सुट्या वाक्यापुढे काय यावं हे ती विचारत नाही. तू तुलना कर, पण प्रत्येक वेळी पुढचं वाक्यही माग. मराठी वर्गात आणली नाही म्हणून ती मुलांच्या मनातून जाणार नाही. ‘ऑल्दो’नंतरचं ‘बट’ तिथूनच येतं. अधिक अवघड प्रश्न मंठा-परतूरकडच्या तांड्यांवरून येणाऱ्या मुलांचा आहे. त्यांच्यासाठी मराठीच दुसरी भाषा, मग तिचा आधार कसा द्यायचा? त्यांच्या बोलीतही क्रियापद शेवटीच येतं. तेव्हा ‘तरी’ आणि ‘म्हणून’ घरी कसं म्हणतात ते त्यांनाच विचार आणि फळ्यावर तिसरा रकाना आख. वर्गाला त्यातून मिळेल ते कुठल्या पुस्तकात नाही.

राहिले गुण. रूपांतराचे प्रश्न परीक्षेत येणारच, आणि त्या गुणांवर पाणी सोड असं मी म्हणणार नाही. मात्र त्यांचा सराव आधी नको, शेवटी ठेव. आधी प्रत्येकाला त्याच्या घरच्या दोन खऱ्या गोष्टी दे: ‘आईबाबा ऊसतोडीला गेले’, ‘मी शाळेत येत राहिले’. त्या ‘आणि’ने, ‘म्हणून’ने, ‘तरी’ने जोडायला सांग, मग इंग्रजीत ‘अँड’, ‘सो’, ‘ऑल्दो’ने. ‘म्हणून’ का बसत नाही किंवा कुणाच्या घरी का बसतं, यावर त्यांना बोलू दे, आणि त्यानंतर पुढचं एक वाक्य लिहून घे. त्या वह्यांतली काही पानं मला पाठव. ‘तरी’नंतर मुलं काय लिहितात ते वाचायची मला फार इच्छा आहे.

तुझा
मामा