काळा, झिपरा आणि कामाचा

याला पहिल्यांदा बघणाऱ्याचं तोंड हमखास वाकडं होतं. लांबी जेमतेम दोन-अडीच इंच. रंग काळा नाहीतर शेवाळी. मागे मऊ पिसांचा झुपका, अंगभर कोंबड्याच्या पिसाचे केस विस्कटून उभे राहिलेले, नाकाशी पितळेचा एक मणी. तवा पुसून कोपऱ्यात भिरकावलेल्या चिंधीत चुकून गळ अडकला असावा, असा एकूण अवतार. नाव वुली बगर. यातला दुसरा शब्द इंग्रज माणूस चारचौघांत जपून उच्चारतो. पण अमेरिकेतल्या मासेमारीच्या दुकानात शाळकरी पोरंसुद्धा गल्ल्यावरच्या आजोबांकडे चार बगर बिनदिक्कत मागतात आणि आजोबा ते तितक्याच सहजपणे पुडीत बांधून देतात.

बगर ही फ्लाय फिशिंगमधली चीज, आणि तिथे गांडूळ किंवा जिवंत आमिष चालत नाही. गळाभोवती पिसं, केस, दोरा गुंडाळून किड्याचं सोंग बांधायचं आणि ते पाण्यात टाकायचं. सोंगाला स्वतःचं असं वजन फारसं नसतं. झेप घेते ती जाड, जड दोरी आणि सोंग तिच्यामागून ओढलं जातं. या सगळ्या सोंगांना माशीच म्हणतात, मग ते मुंगीचं असो, अळीचं असो की उंदराचं. (उंदराचंही असतं, खोटं सांगत नाही.) आणि या माश्यांच्या जगात उच्चनीच आपल्यापेक्षा कमी नाही.

सगळ्यात वरच्या पाटावर बसतात कोरड्या माश्या. पाण्यावर टेकतील, पण बुडणार नाहीत. अगदी सोवळ्यातल्या. फ्रेडरिक हॅलफर्ड या इंग्रजाने 1889 साली जाडजूड पुस्तक लिहून त्यांचं शास्त्र पक्कं केलं. मासा वर येऊन किडा टिपताना दिसला तरच माशी टाकायची, त्याच किड्याची हुबेहूब नक्कल टाकायची, आणि तीही माशाच्या वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाहाबरोबर ती आपसूक त्याच्याकडे येईल. हॅम्पशरमधल्या टेस्ट आणि इचेन या नद्यांवर हा धर्म फार कडक पाळला गेला. जी. ई. एम. स्क्यूज नावाचे एक वकील पाण्याखाली बुडणारी निम्फ नावाची माशी वापरत आणि तसं लिहीतही. तर 1938 साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर वादविवाद भरला. स्क्यूज तेव्हा ऐंशीला टेकले होते. या वयात माणसाला एखादी माशी बुडवायलाही परवानगी असू नये, याला काय म्हणावं!

कोरड्या माश्यांच्या शेजारी सॅमन माशासाठीच्या दरबारी माश्या. त्यांच्या अंगावर देशोदेशीच्या पाखरांची पिसं असायची. त्यातल्या कितीतरींच्या गालावर जी पिवळसर, मेणचट चकती लकाकते ती आपल्या सह्याद्रीत आरवणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेची. एकेकाळी अशा माना बोटीत भरून विलायतेला जात. भारताने पुढे ती निर्यात बंद केली, ते बरंच झालं.

आपला बगर यातल्या कुठल्याच पंगतीला बसणारा नाही. तो बुडतो, रानकोंबड्याचं पीस लावत नाही, आणि 'तू नक्की कोणाचं सोंग?' असं विचारलं तर धड उत्तर देत नाही. कोणाला तो जळू वाटतो, कोणाला तळाशी दगडांतून सरपटणारा छोटा मासा, कोणाला क्रेफिश. मला विचाराल तर यातच त्याची सगळी हुशारी आहे. हुबेहूब नक्कल करणाऱ्याची चूक लगेच पकडली जाते. ज्याने कोणाचीच नक्कल केली नाही त्याला पकडणार कशात?

कूळ मात्र जुनं आहे. अंगभर पीस गुंडाळलेली सुरवंटी माशी आयझॅक वॉल्टनच्या 1653 च्या पुस्तकातही भेटते. तिचाच अमेरिकन वंशज वुली वर्म. 1930 आणि 40 च्या दशकांत डॉन मार्टिनेझ नावाच्या माणसाचं वेस्ट यलोस्टोन या गावात दुकान होतं, त्याने तो वर्म त्या भागात लोकप्रिय केला. मग 1967 साली, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, पेनसिल्व्हेनियात, रसेल ब्लेसिंगने त्या वर्मला मागे मॅराबू या मऊ पिसाचं शेपूट जोडलं. त्याला करायची होती डॉब्सनफ्लायची अळी, दगडाखाली राहणारी, मोठ्या जबड्याची. बांधून झाल्यावर तिच्यावर अळी खाणारे मासेच काय, पाण्यातलं जे जे खातं ते सगळंच यायला लागलं. 1984 साली 'फ्लाय फिशरमन' मासिकात बॅरी बेकने त्यावर लेख लिहिला आणि बगरचं नाव देशभर झालं.

म्हणजे ब्लेसिंगने केलं काय, तर एक शेपूट लावलं. पण सगळा जीव त्या शेपटातच आहे.

हे पीस हाताळून बघण्यासारखं असतं. मॅराबू नावाच्या करकोच्याचं ते एकेकाळी असे, हल्ली टर्कीचं असतं. कोरडं असताना त्याला आकारच नाही. चिमटीत धरावं तर श्वासानेसुद्धा पळतं, म्हणून जाणती माणसं बांधायच्या आधी बोटं ओली करून घेतात. लांब दांड्याचा गळ छोट्या व्हाइसच्या पकडीत धरायचा, मणी आधीच ओवून नेढ्याशी सरकवलेला. गळाचा बाक जिथे सुरू होतो तिथे दांड्याइतक्या लांबीचा झुपका दोऱ्याने आवळायचा. त्याच जागी तांब्याची बारीक तार बांधून ठेवायची. मग शेनीलच्या लवदार दोऱ्याचे वेढे पुढे मण्यापर्यंत. कोंबड्याचं लांब पीस मण्याशी अडकवून विरळ फेऱ्यांनी मागे न्यायचं, आणि ती तार उलट फिरवत पुढे आणून त्याला जागोजागी जखडायचं. नवशिके ही तार हटकून गाळतात. मग पहिल्याच ट्राउट माशाच्या दातांनी पिसाचा कणा तुटतो, पीस उकलून लोंबायला लागतं आणि पाच मिनिटांची मेहनत पाण्यात. बाकी काही अवघड नाही. माश्या बांधायला शिकवणारे कितीतरी गुरुजी पहिला धडा याचाच देतात, कारण वाकडातिकडा बांधला तरी तो कामाला येतो.

त्याच्या अंगावरच्या कोंबड्याच्या पिसाला मध्यंतरी भलतेच दिवस आले होते. 2011 मध्ये अमेरिकेतल्या मुलींनी केसांत लांब पिसं माळायची टूम काढली. ती पिसं नेमकी माशीवाल्यांची निघाली. कोलोरॅडोतल्या व्हाइटिंग फार्म्ससारख्या ठिकाणी खास लांब पिसांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून कोंबडे वाढवतात, ती. ब्यूटी पार्लरवाल्या बाया मासेमारीच्या दुकानांत शिरून बरण्या रिकाम्या करून गेल्या, भाव कुठल्या कुठे गेले आणि म्हातारे मासेमार हात चोळत बसले. फॅशन ओसरली तसा कोंबडा पुन्हा बगरच्या अंगावर आला.

बगरचे खरे दिवस म्हणजे शरद सरता सरताचे. आणि खरी जागा विचाराल तर मार्टिनेझचं दुकान होतं त्याच गावाजवळची मॅडिसन नदी. यलोस्टोन उद्यानात फायरहोल आणि गिबन या दोन नद्या मिळून ती होते. फायरहोलच्या काठी गायझर आणि उकळती कुंडं आहेत, त्यांचं कढत पाणी ती घेऊन येते. उन्हाळ्यात ट्राउटला ते सोसत नाही, पण ऑक्टोबरात रात्री पारा शून्याखाली जायला लागला की हीच ऊब पथ्यावर पडते. पहाटे नदीवर वाफेचा पडदा, काठच्या गवतावर पांढरं दहिवर, पलीकडच्या काठावर बायसन चरत असतात आणि तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांच्या वाटेत मात्र येऊ नये.

खाली हेबगेन तलाव. वर्षभर तिथे खाऊन माजलेले ब्राउन ट्राउट सप्टेंबरपासून अंडी घालायला नदीत चढू लागतात. हे मासे इथले नव्हेत. 1883 साली जर्मनीहून बॅरन फॉन बेअरने ब्राउन ट्राउटची अंडी बोटीतून न्यूयॉर्कला फ्रेड मॅथरकडे पाठवली, पुढच्या वर्षी त्यांची पिल्लं मिशिगनमध्ये सोडली गेली आणि 1890 मध्ये ही जात यलोस्टोनच्या पाण्यातही आली. मूळचे कटथ्रोट आणि ग्रेलिंग मासे मागे हटले आणि पाहुणा मालक झाला.

वीस इंचांच्या पुढचा नर या दिवसांत ओळखू येतो. पोट लोण्याच्या रंगाचं, अंगावर लाल ठिपके आणि त्यांच्याभोवती फिक्कट निळी कडी, खालचा जबडा वाढून पुढे आकड्यासारखा वर वळलेला. हा मासा खायला आलेला नसतो. किडे पाण्यावर आले तरी तो मान वर करत नाही, म्हणून सोवळ्यातल्या माश्यांची त्याच्यापुढे डाळ शिजत नाही. त्याला खोल डोहातली आपली जागा राखायची असते आणि तिच्यात शिरणाऱ्या प्रत्येकाशी त्याचं वैर असतं. मासेमार म्हणतात, भुकेला खुणावता येत नसेल तर रागाला खुणावा. ते काम बगरइतकं कोणाला जमत नाही.

टाकायचा कसा? काठावरून तिरका, थोडा खालच्या अंगाला. पाण्यात पडल्या पडल्या मण्याच्या वजनाने नाक खाली करून तो बुडतो. दोरीला प्रवाहाने पोट पडतं ते हाताने उचलून वर सारायचं, म्हणजे त्याला आणखी खोल जायला वेळ मिळतो. मग दोरी ताणली जाते आणि तो नदी आडवी ओलांडायला लागतो. आता त्याला बघा. चिंधी नाहीशी झालेली असते. ओलं मॅराबू बारीक होऊन एका रेषेत येतं, हाताने दोरी एक वीत ओढली की मिटतं, सोडली की उमलतं. अंगावरचं पीस प्रत्येक ओढीला मागे झोपतं आणि थांबलं की उभं राहतं. काही न करता नुसता पाण्यात असला तरी तो श्वास घेताना दिसतो. कोरड्या हातात मेलेला आणि ओल्या पाण्यात जिवंत होणारा असा दुसरा प्राणी माझ्या पाहण्यात नाही.

तासन्‌तास काही होत नाही, हेही सांगायला हवं. रॉडच्या कड्यांत बर्फ साचतं, दोरी अडकते, कडी पाण्यात बुडवून नाहीतर नखाने बर्फ फोडायचं. ओठांना लावायचं मलम कड्यांना फासणारेही आहेत. बोटांना आपलीच बोटं ओळखू येत नाहीत. आणि मग कधीतरी, बगर नदी ओलांडून काठाजवळ लोंबकळत असताना, दोरी नुसती थांबते. झटका नाही, काही नाही. तळाशी ओंडक्यात अडकलं म्हणून तुम्ही वैतागून रॉड उचलता आणि ओंडका डोकं हलवतो.

बगरमध्ये खोट नाही असं नाही. तो माणसाला आळशी करतो. पाण्यावर कोणता किडा आहे, प्रवाह कुठे वळतो, हे न बघता नुसता बगर फेकत राहणारे मी खूप पाहिलेत, आणि त्यांना मासेही मिळतात, हे त्याहून वाईट. दुसरी खोट गंभीर आहे. हंगामाच्या शेवटी माद्या उथळ पाण्यात शेपटीने खडी खरवडून त्यात अंडी घालतात. शेवाळलेल्या तळात ती जागा धुतल्यासारखी उजळ दिसते आणि तिच्यावर मासे उघड्यावर उभे असतात. तिथे बगर फिरवला तर मोठा नर हटकून येतो. फोटो छान निघतो. पण दमवलेली जोडी परत नीट जुळेलच असं नाही, आणि त्या खडीत पाय पडला तर पुढच्या पिढीतली शेकडो अंडी बुटाखाली जातात. त्याला शिकार म्हणायची तर गोठ्यात शिरून बैल धरण्यालाही म्हणावं लागेल. याचा दोष बगरच्या माथी मारता येणार नाही. तो जिथे टाकाल तिथे इमानाने काम करतो.

उद्यानात शिरताना त्यालाही नियम लागतात. शिशाचं वजन चालत नाही, म्हणून मणी पितळेचा किंवा टंगस्टनचा. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून मोडायचा, म्हणजे मासा सोडताना जबडा फाटत नाही. काटा मोडल्याने मोठे मासे सुटतात अशी कुरकुर ऐकू येते. दोरी ताणलेली ठेवणाऱ्याचे सहसा सुटत नाहीत.

तर कधी ऑक्टोबरात मॅडिसनवर जाणं झालंच, तर डबीत काळे दोन, शेवाळी दोन ठेवा, काटे घरीच दाबून घ्या, खोल डोह धुंडाळा, आणि पायाखाली उजळ खडी दिसली की मुकाट्याने काठावर या.