साडेसहा किलोंचा जॅझ

वेळ रात्री सव्वाअकरा. स्थळ दादर स्टेशनचा पूल. पाठीवर गिटार, उजव्या हातात अ‍ॅम्प आणि पास दातांत धरलेला (हो, दातांत! तिसरा हात कुठून आणायचा?). चौदाव्या पायरीवर कमरेत काहीतरी 'कट्' झालं आणि मी तिथेच फतकल मारली. पब्लिक दोन्ही बाजूंनी वाहत होतं. एक काका 'हे काय मधेच!' असं पुटपुटत गेले. शेवटी रिकामी टोपली डोक्यावर घेतलेल्या एका कोळीण मावशीनेच अ‍ॅम्पची दुसरी बाजू धरली. खाली प्लॅटफॉर्मवर तो धप्पकन टेकवून तिने विचारलं, "काय गो, शिलाई मशीन हाय काय?"

"नाही मावशी, गिटारचा स्पीकर आहे."

"एवडा जड? मंग वाजवतंय कोन, तू का तो?"

त्या रात्रीच्या गिगचे अर्धे पैसे टॅक्सीत गेले, उरलेले दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टकडे. तिने फार लेक्चर दिलं नाही. फक्त म्हणाली, "सहा महिने दहा किलोंच्या वर काही उचलायचं नाही. नंतरही न उचललंस तर उत्तम." मी घरी येऊन वजनकाट्यावर अ‍ॅम्प ठेवला. १९ किलो. विमानाच्या सूटकेसएवढा, आणि चाकं नाहीत.

सांगायचं राहिलंच. आठवडाभर मी लेख पाडते आणि शनिवार-रविवार एका क्वार्टेटमध्ये जॅझ गिटार वाजवते. "जॅझ? आपल्यात कुठे असतं ते!" असं आमची आत्या दर गणपतीला म्हणते. आत्याला कोण सांगणार, की ज्या 'अलबेला'ची (१९५१) गाणी ती अजून गुणगुणते, त्यात आपल्या सी. रामचंद्रांच्या जोडीला शिक चॉकलेट नावाचा गोव्याचा ट्रम्पेटवाला होता आणि तो ताजमध्ये जॅझ बँड चालवायचा. असो.

तर माझा अ‍ॅम्प म्हणजे फेंडर डिलक्स रिव्हर्ब. २२ वॅट, आत ट्यूब्ज, बारा इंची स्पीकर. पहिल्या नोकरीतून बाहेर पडताना जे पैसे हातात आले त्यात सेकंडहँड घेतलेला. तो ऑन केला की ट्यूब्ज हळूहळू केशरी होतात आणि खोलीत एक ऊबदार, धुळकट वास येतो. त्याच्यावर प्रेम होतं माझं, खोटं कशाला बोलू? म्हणून कंबर गेल्यावरही मी पहिल्यांदा अ‍ॅम्प बदलायचा नाही, गिग्ज बदलायचे असं ठरवलं. लिफ्ट असेल तरच. टॅक्सीचे पैसे मिळाले तरच.

महिन्याभरात फोर्टातल्या एका रेस्टॉरंटचा फोन आला. तिसरा मजला, जुनी इमारत, लाकडी जिना. मी नाही म्हणाले. माझ्या जागी गेलेला मुलगा चांगला वाजवतो, पण माझ्याहून फार चांगला नाही. त्याचा अ‍ॅम्प मात्र सॅकमध्ये मावतो. एका संध्याकाळचं ते काम पुढे दर रविवारचं झालं. त्याचं!

मी आमच्या बास वाजवणाऱ्या अंकलकडे रडगाणं गायला गेले. अंकल वांद्र्याचे, सत्तरीला टेकलेले. त्यांचा डबल बास माझ्याहून उंच आहे, पण आत पोकळ, त्यामुळे वजन जेमतेम दहा किलो. म्हणजे सत्तरीचे अंकल माझ्यापेक्षा निम्मं वजन घेऊन फिरत होते! ते शांतपणे म्हणाले, "अगे बाय, लोखंड उचलून कोण म्युझिशियन झाला नाय. गिटार वाजवायची तर येऊन वाजवायला पायजे ना पयला?"

मग सुरू झाली शोधमोहीम. आणि पहिला धडा म्हणजे, अ‍ॅम्पमधलं वजन नक्की कशाचं असतं? तर मुख्यतः दोन गोष्टींचं. एक, लोखंडी ट्रान्सफॉर्मर. ट्यूब अ‍ॅम्पमध्ये ते दोन तरी लागतातच. दोन, स्पीकरच्या मागचं चुंबक. हल्लीच्या हलक्या अ‍ॅम्प्समध्ये या दोन्हीला पर्याय सापडलेत. स्पीकरला निओडिमियमचं चुंबक लावलं, की तीच ताकद थोडक्या वजनात मिळते. हे चुंबक १९८०च्या दशकात आलं. आणि 'क्लास डी' नावाची सर्किटं सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होऊन सिग्नल वाढवतात, त्यामुळे फारशी तापत नाहीत. उष्णता घालवायला अ‍ॅल्युमिनियमचा मोठा ठोकळा नको, आणि वीजपुरवठाही मोबाइल चार्जरच्या तत्त्वावरचा, हलका. म्हणजे हलकं ते तकलादू हे समीकरण आता चालत नाही. (आईला अजून पटलेलं नाही. तिच्या मते चांगला कुकर जडच असतो.)

दुसरा धडा वॅटचा. धोबीतलावच्या दुकानांत शिरलं की सगळे वॅट विकायला बसलेले. 'मॅडम, हा शंभर वॅट.' पण वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने, म्हणजे 'हो, जरासा वाढला' एवढाच. कानाला दुप्पट मोठा वाटायचा तर साधारण दहापट वॅट हवेत. उलट एखादा स्पीकर दुसऱ्यापेक्षा ३ डेसिबलने कार्यक्षम असेल, तर निम्म्या वॅटमध्ये काम भागतं. म्हणजे डब्यावरचा आकडा एकटा काहीच सांगत नाही.

मग जॅझवाल्याला जास्त वॅट लागतातच कशाला? आवाज फाटू नये म्हणून. रॉकमध्ये फाटलेला आवाज हीच मजा असते. जॅझमध्ये आम्ही एकाच वेळी चार-पाच स्वरांचे कॉर्ड वाजवतो, एकमेकांना चिकटून बसलेले. अ‍ॅम्प जरा ताणला गेला की ते स्वर एकमेकांत मिसळून नको ते सूर तयार होतात आणि नाजूक कॉर्डची खिचडी होते. खरं तर माझ्या लाडक्या डिलक्सचीही हीच अडचण होती. ड्रमर रंगात आला की मला आवाज वाढवावा लागायचा आणि २२ वॅट धापा टाकायला लागायचे. इतके दिवस ते मी 'कॅरेक्टर' म्हणून खपवत होते!

मुळात जॅझ गिटार आणि अ‍ॅम्प ही जोडीच गरजेतून जमलेली. ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गदारोळात साध्या गिटारचं कोण ऐकणार? गिब्सनने १९३६ साली ईएस-१५० ही इलेक्ट्रिक गिटार अ‍ॅम्पसकट बाजारात आणली. १९३९ला चार्ली ख्रिश्चन ती घेऊन बेनी गुडमनच्या बँडमध्ये गेला आणि गिटारवाला मागच्या खुर्चीवरून उठून पुढे सोलो वाजवायला लागला. पुढे जो पास आणि जॉर्ज बेन्सनसारख्या दिग्गजांनीही पॉलिटोनचे ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प वापरले. तेव्हा 'ट्यूब नाही तर टोन नाही' हा आमच्याकडचा फंडा निदान जॅझपुरता तरी फोल आहे. आणि रोलंडचा १९७५पासूनचा प्रसिद्ध जॅझ कोरस, जेसी-१२०? आवाज काचेसारखा स्वच्छ. वजन २८ किलो. पुढचा!

मी घरी कागदावर दोनच अटी लिहिल्या. दहा किलोंच्या आत. आणि एका हातात, लेडीज डब्यात, कुणाच्या गुडघ्याला न लागता. दुसऱ्या अटीने भलेभले गारद झाले. फेंडरनेच २०१९मध्ये काढलेला टोन मास्टर डिलक्स पाहिला. आत डिजिटल, बाहेरून हुबेहूब माझाच. मन विरघळलं. पण तो साडेदहा किलोंच्या आसपास, आणि खोका तेवढाच रुंद. अमेरिकेतल्या हेनरिकसन कंपनीचा 'द बड' एका मित्राकडे दहा मिनिटं वाजवायला मिळाला. नऊ-नऊ इंचांचा चौकोनी ठोकळा, पावणेआठ किलो, १२० वॅट, साडेसहा इंची स्पीकर. एवढ्याशा डब्यातून तो आवाज ऐकून मी मागे वाकून बघितलं, दुसरा स्पीकर लपवलाय की काय! न्यू जर्सीचा मावसभाऊ डिसेंबरमध्ये येणारच होता. "आणतो की," म्हणाला. पण माझं बजेट आणि त्या डब्याची किंमत यांची गाठ पडेना. शिवाय अंकलनी वेळीच सावध केलं. तिकडून आणलेला अ‍ॅम्प फक्त त्यांच्या १२० व्होल्टवर चालणारा निघाला, तर इथे २३० व्होल्टला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर जोडावा लागतो. म्हणजे पुन्हा काही किलो लोखंड, वेगळ्या पिशवीत! मागवायचंच असेल तर आधी मागच्या पट्टीवरचं व्होल्टेज वाचायला सांगा.

"अ‍ॅम्प हवाच कशाला? सरळ त्यांच्या साउंड सिस्टीमला जोड," असं सुचवणारेही भेटले. मोठ्या स्टेजवर ठीक आहे. पण आम्ही वाजवतो त्या कॅफेंमध्ये सिस्टीम म्हणजे भिंतीवर टांगलेले दोन स्पीकर, तेही पब्लिककडे तोंड करून. स्वतःचं वाजवणं स्वतःलाच ऐकू येत नाही. बॅटरीवाला रोलंड क्यूब स्ट्रीट ईएक्स मात्र मनात राहिलाय. पेन्सिल सेलवर चालतो, आठ लागतात. लॉनवरच्या लग्नांत प्लग पन्नास फुटांवर असतो, तिथे असं काहीतरी हवं.

शेवटी जो घेतला, तो जर्मन एईआर कॉम्पॅक्ट ६०. परदेशी निघालेल्या एका गिटारवाल्याचा, सेकंडहँड. ६० वॅट, आठ इंची स्पीकर, साडेसहा किलो. हा खरं तर अकूस्टिक गिटारवाल्यांचा अ‍ॅम्प. म्हणजे गिटारच्या आवाजाला आपला रंग न चढवणारा. माझी गिटार पोकळ अंगाची, आर्चटॉप, त्यामुळे हेच पथ्यावर पडलं. पातळ, सपाट गिटार असती तर कदाचित मी तो घेतला नसता, आवाज जरा कोरडा लागला असता. आणि त्यात माइक लावायला वेगळा चॅनल आहे. आमची गायिका ऐन वेळी 'माइक कुठे लावू?' विचारते, तिचीही सोय.

पण घेण्याआधी मी एक आगाऊपणा केला. त्याच्या घरी वाजवून बघायला नकार दिला. "रिहर्सलला आण," म्हणाले. कारण बंद खोलीत एकटीने वाजवलं की कुठलाही अ‍ॅम्प देखणाच वाटतो. आमच्या ड्रमरला सांगितलं, नेहमीसारखा वाजव, माझ्यावर दया करू नकोस. पहिल्या पाच मिनिटांत माझा चेहरा पडला. आवाज बारीक, पोटच नाही. अंकल उठले, अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून (एका हाताने!) खुर्चीवर ठेवला आणि खुर्ची भिंतीकडे सरकवली. लहान डब्याचा आवाज जमिनीवरून थेट माझ्या पोटऱ्यांत जात होता, कानांपर्यंत येतच नव्हता. आणि भिंत जवळ आली की खालचे सूर आपोआप भरतात. मग गिटार दुसऱ्याच्या हातात देऊन मी पंधरा फूट लांब जाऊन उभी राहिले, जिथे गिऱ्हाईक बसतं तिथे. आणि तिथे... कॉर्डमधला एकेक स्वर वेगळा ऐकू येत होता. ड्रमर जोरात असतानाही.

पैसे उभे करायला डिलक्स विकला. ठाण्याचा एक मुलगा घेऊन गेला, रॉक वाजवतो आणि त्याच्याकडे गाडी आहे. मी अ‍ॅम्प डिकीत ठेवायला गेले तर तो म्हणाला, "ताई, राहू दे, जड आहे." मला हसावं की रडावं कळेना. वरची उरलेली रक्कम फेडायला सहा गिग्ज लागल्या.

काय गमावलं? गमावलं तर खरंच. स्वर छेडल्यावर ट्यूबमध्ये जो एक मऊ गादीवर बसल्यासारखा झोल यायचा, तो नाही आता. हा अ‍ॅम्प सगळं ऐकवतो, माझ्या चुकासुद्धा. पहिले दोन महिने मला रोज वाटायचं, मी वाईट वाजवायला लागले. अंकल म्हणाले, "वाईट तू पयल्यापासून वाजवायची. आता ऐकायला येते." (हे त्यांचं प्रेम आहे, असं मी मानते.) मग जुन्या तारा काढून फ्लॅटवाउंड लावल्या, अ‍ॅम्पवरचं कलर बटण कायमचं बंद ठेवलं आणि गिटारचा टोन नॉब निम्म्यावर आणला. आता बरं आहे.

परवा फोर्टातल्या त्याच रेस्टॉरंटचा फोन आला. रविवारवाला मुलगा दोन आठवडे बाहेरगावी जाणार होता. "तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही, चालेल ना?" मॅनेजरने विचारलं. लाकडी जिना, त्रेसष्ट पायऱ्या, मोजल्या मी. वर पोचून अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवला, प्लग लावला. अंकल अजून दुसऱ्या मजल्यावर होते, बास सांभाळत, आणि खालून ओरडत होते, "अगे, जरा ये की, हात दे!"